कायद्याची बैठक

२००१ नंतर मराठी वर्तमानपत्रांत एक नाव रोज छापून येऊ लागलं आणि त्यातली गंमत फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. ‘अल-कायदा ही बेकायदा संघटना आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थानेही खरं आहे. फक्त त्यात एकच शब्द दोनदा येऊन स्वतःशीच भांडतो. अरबीतला ‘काइदा’ म्हणजे पाया, तळ, बूड. घराचा पाया तो काइदा, फौजेचा तळ तोही काइदा, आणि ज्याच्या आधारावर बाकीचं सगळं उभं राहतं असा नियम, तोही काइदाच. त्या संघटनेने ‘तळ’ उचलला, आपण फारसी दरबाराच्या हातून ‘नियम’ घेतला. (जीनांच्या नावाआधी लागणारं ‘कायदेआझम’ मात्र या कुळातलं नाही. तो ‘काइद’ म्हणजे नेता. त्याचा धातू वेगळा. मराठी लिपीत दोघे सारखे दिसतात एवढंच.)

काइदाच्या धातूचा मूळ अर्थ आहे बसणे. त्याचं अनेकवचन ‘कवाइद’, म्हणजे नियमांचा संच. तेच अनेकवचन आपल्याकडे लष्कराच्या मैदानातून आलं आणि ‘कवायत’ झालं. शाळेत सावधान-विश्राम करताना आपण शब्दशः कायदेच करत होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पी.टी.च्या तासाला थोडी प्रतिष्ठा आली असती.

हिंदीने कायद्याला रीतभात आणि लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक एवढ्यावर ठेवलं आणि राज्यकारभारासाठी ‘कानून’ घेतला. बंगालीने फारसी ‘आईन’ घेतला, तोच ‘आईन-ए-अकबरी’तला. मराठी, गुजराती आणि कानडी मात्र कायद्यापाशी राहिल्या. कानूनही आपल्याकडे आहे, पण ‘कायदेकानून’ या जोडशब्दात मागच्या बाकावर. त्याचा प्रवास जास्त लांबचा आहे. ग्रीक ‘कानोन’ म्हणजे मोजमापाची सरळ काठी. ती काठी मुळात बोरूची, आणि बोरूसाठीचा शब्द ग्रीकांनी पश्चिम आशियातल्या सेमिटिक भाषांकडून घेतला. तिथून निघालेला शब्द ग्रीस फिरून अरबीत ‘कानून’ होऊन परतला. आपण कायद्याच्या पोटविभागाला ‘कलम’ म्हणतो, त्याचीही नाळ ग्रीक ‘कालामोस’ला, म्हणजे पुन्हा बोरूलाच जाऊन भिडते. लिहिण्याची कलम, कायद्याचं कलम आणि हापूसचं कलम ही तिन्ही तिरप्या कापाची भावंडं आहेत.

आता ज्या घरात हा कायदा तयार होतो त्या घराचं नाव पाहा. संसद: सम् आणि सद्, एकत्र बसणे. शब्द वेदकाळापासूनचा. त्याच ‘सद्’पासून सदन, सदस्य, सभासद, परिषद, आणि गुरूजवळ खाली बसून शिकायचं ते उपनिषद. इंग्रजांचं पार्लमेंट फ्रेंचांच्या ‘बोलणे’ या क्रियापदावरून आलं. त्यांचं घर बोलण्याचं, आपलं बसण्याचं. अरबीतल्या बसण्यावरून आलेला कायदा आणि संस्कृतातल्या बसण्यावरून आलेली संसद यांची गाठ केवळ योगायोगाने पडली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण योगायोग सोयीचा आहे. संसदेच्या कायद्याचं बळ नेमकं कशात आहे हे त्यातून सांगता येतं.

समाजात नियम येतात ते तीन-चार वाटांनी. एक रूढी. संस्कृत ‘रुह्’ म्हणजे उगवणे, वर चढणे. रूढी ही उगवलेली असते, तिला कुणी लावलेलं नसतं, म्हणून तिच्याबद्दल जाब विचारायला कुणी सापडत नाही. दुसरा न्यायालयाचा निवाडा. निवाडा आला निवडण्यावरून, आणि निवडायला आधी खडे असलेले तांदूळ समोर यावे लागतात. भांडण झालं, दावा दाखल झाला, वरच्या कोर्टापर्यंत गेला, तर निवाडा. संसदेला भांडणाची वाट पाहावी लागत नाही. ती आधी बसून, पुढचं पाहून, सगळ्यांसाठी एकदम नियम करू शकते, आणि चुकला तर पुन्हा बसून बदलू शकते. शिवाय हे कुणी केलं त्याची नावं कामकाजाच्या वृत्तांतात छापलेली असतात. रूढीला ही सोय नाही.

हे बळ किती मोठं आहे याचं उदाहरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही सातबाऱ्याशी निगडित आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा, हे कुठल्याही रूढीने आपणहून दिलं नसतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, पण ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवलं. संसदेने २००५ मध्ये ती अट न ठेवता देशभर मुलींना ‘सहदायाद’, म्हणजे जन्मतः वाटेकरी, केलं. ९ सप्टेंबर २००५ या एका तारखेने लाखो घरांतलं नातं कागदावर बदललं. कागदावर म्हणतो, कारण त्यानंतरही भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी आपण पाहतोच. ‘माहेर तुटायला नको’ हा रूढीचा अलिखित कायदा अजून जागा आहे. तरीही सही करायला लागते, याचा अर्थच हक्क आहे. १९५५ साली सोडायलाही तो नव्हता.

इथवर कौतुक झालं. संसदेचा कायदा शब्दांचा असतो, आणि त्याची दुखणीही शब्दांतच सुरू होतात.

विधेयकाचा कच्चा खर्डा म्हणजे मसुदा. अरबी ‘मुसव्वदा’, शब्दशः ‘काळा केलेला’ कागद. खाडाखोडीने काळा झालेला म्हणून. म्हणजे कुठल्याही कायद्याला आंदोलक ‘काळा कायदा’ म्हणतात तेव्हा शब्दकोशापुरतं तरी त्यांचं बरोबर असतं. मसुदा सभागृहात मांडला की त्याचं ‘विधेयक’ होतं. विधेय म्हणजे जे करायचं आहे ते. पण संस्कृतात विधेयचा दुसरा अर्थ आज्ञाधारक असाही आहे, आणि सत्ताधाऱ्यांचं बहुमत भक्कम असलं की विधेयक या दुसऱ्या अर्थानेही विधेय होतं. ज्या ‘वि’ आणि ‘धा’वरून हा शब्द आला त्यांवरूनच विधी, विधान आणि संविधान. मराठीत विधी म्हणजे लग्नातलाही आणि सकाळचाही. विधान म्हणजे कायदाही आणि नुसतं बोलणंही. विधानसभेच्या बातम्यांत यांतलं दुसरंच विधान जास्त वेळा येतं, तेही बहुधा वादग्रस्त.

शब्दाने कायदा कसा अडतो ते पाहायचं तर हुंड्याकडे वळावं. हुंडाबंदीच्या विधेयकावर लोकसभा आणि राज्यसभा यांचं जमेना. व्याख्येतल्या काही शब्दांवरच घोडं अडलं. शेवटी मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली, स्वतंत्र भारतातली पहिली. आजवर अशा बैठकीत विधेयकं संमत झाली ती तीनच वेळा. एवढं बसून जी व्याख्या झाली तिच्यात हुंडा म्हणजे लग्नाचा ‘मोबदला’ म्हणून दिलेली मालमत्ता असं ठरलं. लग्नाच्या वेळी दिलेले पैसे, दागिने, कपडे हे मोबदला म्हणून दिलेले नसतील तर हुंडा नव्हेत, असं स्पष्टीकरणही जोडलं.

मोबदला हा शब्द अरबी ‘मुबादला’चा, अदलाबदल. आता कोर्टात सिद्ध काय करायचं? की हे पैसे लग्नाच्या बदल्यातच दिले. वरपक्ष म्हणणार, आम्ही काही मागितलं नव्हतं. वधूपिता, मुलगी नांदायची आहे म्हणून, मान खाली घालून म्हणणार, आमच्या हौसेनं दिलं. मराठीत तर या हौसेचा शब्दसंग्रहच तयार होता: वरदक्षिणा, मानपान, रुखवत, पोशाख. एकाही शब्दाला मोबदल्याचा वास नाही. कायद्याने ज्या शब्दावर बोट ठेवलं, समाजाने तो शब्द वापरणंच सोडून दिलं. व्यवहार होता तिथेच राहिला. संसदेला हे उमगून ‘लग्नाचा मोबदला म्हणून’च्या जागी ‘लग्नाच्या संबंधात’ एवढा बदल करायला १९८४ साल उजाडलं. तेवीस वर्षं एक मोबदला. मला वाटतं, संसदेच्या कायद्यावर टीका करणाऱ्यांनी आणि त्याची आरती ओवाळणाऱ्यांनीही ही एक दुरुस्ती आधी वाचावी. संसद चुकली हे तर दिसतंच. आपली चूक लेखी स्वरूपात मागे घेण्याची वाट तिला होती, हेही दिसतं.

पळवाट हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तो किल्ल्याच्या भिंतीतल्या फटीवरून आलेला. आपली मात्र चक्क वाट आहे, मळलेली. पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या कायद्यात एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानून सूट होती. म्हणजे एकट्याने पळणं गुन्हा, जथ्याने पळणं तत्त्वाचा प्रश्न. ती सूट २००३ मध्ये काढली, पण दोन-तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची ठेवली. महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये जे पाहिलं त्यानंतर या विषयावर मराठी वाचकाला वेगळं काही सांगायची गरज नाही.

नावांचीही एक मौज आहे. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणून रूढ झाला. तो मांडला होता अजमेरच्या हरविलास सारडा यांनी. नाव त्यांच्या आडनावाचं. ‘शारदा ऍक्ट’ असं हिंदीतही म्हणत. पण मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू आलं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ पासून रंगभूमीवर होतं, म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी शारदा घराघरात माहीत होती. सारडाचा शारदा व्हायला एवढं पुरेसं होतं. कायद्याला असं नाव लाभणं हे भाग्यच. नाटकाने तीस वर्षं आधी जनमत तयार केलं आणि कायदा आयताच तिच्या नावाने ओळखला गेला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला हे भाग्य नव्हतं. ‘संमतिवय’ हा शब्दच कचेरीत बसून जुळवलेला, आणि परक्या सरकारने आमच्या घरात लक्ष घालू नये असं म्हणायला समोर टिळक. १९२९ च्या कायदेमंडळात निदान आपली निवडून दिलेली माणसं पुष्कळ होती.

पण नाव गोड असून भागलं नाही. कायदा संमत झाला १९२९ च्या शरदात, लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या महिन्यांत लोकांनी घाईघाईने लेकरांची लग्नं उरकली. १९३१ च्या जनगणनेत लहान वयात लग्न झालेल्यांचा आकडा त्यामुळे फुगलेला दिसला. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. मोडलं तर शिक्षा होती, पण झालेलं लग्न मात्र वैधच राहत होतं. वर तक्रार करणाऱ्याकडूनच १०० रुपयांपर्यंत हमी मागण्याची तरतूद. गावात वैर पत्करायचं आणि वर शंभर रुपये, तेही १९३० चे!

तरतूद या शब्दाकडे जरा थांबू. तो अरबी ‘तरद्दुद’ आहे: येरझारा, चलबिचल, मग खटपट. आपण त्याला सोय आणि व्यवस्था असा भरवशाचा अर्थ दिला. आणि ‘रद्द’ हाही त्याच धातूचा. म्हणजे तरतूद आणि रद्द ही एकाच घरातली. २०२० साली शेतीविषयक तीन कायदे आधी अध्यादेश म्हणून जूनमध्ये आले, सप्टेंबरमध्ये संसदेत संमत झाले, राज्यसभेत आवाजी मतदानाने. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते तिन्ही कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी संमत झालं, चर्चेशिवाय. तुम्ही त्या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, ज्या घराचं काम एकत्र बसणं त्याने बसायचं दोन्ही वेळा टाळलं, एवढं तरी मान्य करावं लागेल. त्या वर्षात बसून राहिले ते बाहेरचे.

अध्यादेशाला आपण वटहुकूमच म्हणतो, आणि ते बरं आहे. त्यातला हुकूम लपत नाही. हुकूमत आणि हाकीम त्याचेच भाईबंद. संसद चालू नसताना निकड पडली तर सरकारने तात्पुरता कायदा काढावा, आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचं काय ते व्हावं, अशी राज्यघटनेची योजना. राज्यांनाही तीच मुभा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा जमिनीच्या प्रश्नावर काम करताना बिहारचे कायदे चाळत होते, तेव्हा त्यांना आढळलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि ते पुन्हापुन्हा काढून एक ते चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. चौदा वर्षं टिकणारी ती कसली निकड? त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने हा राज्यघटनेशी केलेला कपटव्यवहार असल्याचं म्हटलं. पुण्यातल्या एका अभ्यासकाने ग्रंथालयात बसून जे केलं ते बिहारच्या विधिमंडळाने चौदा वर्षांत केलं नव्हतं.

सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘कायदा’ला ‘निर्बंध’ हा प्रतिशब्द दिला. त्यांचे महापौर, दिनांक, विधिमंडळ लोकांनी उचलले. निर्बंध कायद्याच्या जागी कधी रुळला नाही. मराठी माणसाला कायदा म्हणजे केवळ बांधणं वाटत नसावं, आणि ते योग्यच होतं. वारसा देणारा कायदाही कायदाच. पण शब्द वाया गेला नाही. २०२० च्या मार्चपासून तो प्रत्येक घरात पोचला: निर्बंध कडक, निर्बंध शिथिल. हे निर्बंध संसदेने घातलेले नव्हते. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे अधिकाऱ्यांनी काढलेले ते आदेश. १८९७ चा कायदा प्लेगच्या धास्तीत झाला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला योग्य वाटेल ते करण्याची मोकळीक एवढाच त्याचा गाभा. त्या मोकळिकीत पुण्यात काय घडलं आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का सुटली, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. कायद्यात शब्द फार झाले तर पळवाट निघते, फार थोडे ठेवले तर अधिकाऱ्याला रान मोकळं मिळतं. सावरकरांच्या शब्दाला अखेर नेमका अर्थ सापडला तो इथे: कायद्याच्या खाली, कायद्याच्या नावाने, पण संसदेच्या मागे घातलेली बंधनं.

राहिला ‘अंमल’. अरबी ‘अमल’ म्हणजे काम, कृती. मराठीत त्याची राज्यसत्ता झाली (पेशव्यांचा अंमल) आणि नशाही झाली (भांगेचा अंमल). ‘अंमलबजावणी’तलं ‘बजा’ फारसी, जागेवर आणणे. कायदा संमत होणं आणि जागेवर येणं यात किती अंतर असतं? दिल्ली भाडेनियंत्रणाचा १९९५ चा कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजवर अमलात आला नाही. शासन ठरवील त्या तारखेला लागू होईल असं त्यात लिहिलं होतं आणि ती तारीख उगवलीच नाही. लोकसभा-विधानसभांत महिलांना एक-तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये प्रचंड बहुमताने झाली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांनंतर ती लागू व्हायची, अशी अट तिच्यातच होती. बाकं वाजवली गेली ती संमतीसाठी. अंमल मात्र दोन्ही अर्थांनी चढायचा होता.

उलट काही कायदे इतके मुरतात की लोक त्यांचे शब्द करतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं ४२० वं कलम फसवणुकीचं. त्याचं ‘चारसोवीस’ हे विशेषण झालं, मग ‘चारसोवीसी’ हे नाम, आणि १९५५ मध्ये राज कपूरने त्यावर चित्रपटही काढला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. पोलिसांच्या कागदांत ३१८ आलं. बोलण्यात अजून कुणी कुणाला ‘तीनशे अठरा’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. संसद संहिता बदलू शकते, शिवी बदलू शकत नाही.

आणि महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याचं पूर्ण नाव कुणी सवडीने वाचलं आहे का? नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथांपासून सुरू होऊन ते नाव ‘समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३’ इथे संपतं. उच्चाटन हे तंत्रशास्त्रातल्या षट्कर्मांपैकी एक आहे. मारण, वशीकरण, स्तंभन यांच्या पंगतीतलं. शत्रूला मंत्राने घराबाहेर हुसकून लावायचं ते उच्चाटन. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याच्या नावातच एक टोणा बसून आहे. कायदा चांगला आहे आणि त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी काय मोजलं हे सांगायला नको. पण शब्द रूढीसारखेच असतात, अधिनियमाने मुळासकट निघत नाहीत.

शेवटचा शब्द हरकत. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. हिंदीत तिचा अर्थ झाला नको ते कृत्य, गायकाच्या गळ्यात ती झाली दाद घेणारी जागा, आणि मराठीत आक्षेप. सरकारी जाहिरातीत ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं छापून येतं ते याच शब्दाने. २०१४ साली केंद्र सरकारने धोरण ठरवलं की विधेयक आणण्याआधी त्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नव्हे. पाळलं नाही तरी विधेयक अडत नाही. तरी पुढच्या वेळी एखादा मसुदा समोर आला तर त्याच्या भव्य नावात गुंतू नका, उद्देशांचा उतारा वाचून भारावूही नका. बहुधा दुसऱ्या कलमात व्याख्या असतात. त्या आधी वाचा, आणि एखादा शब्द खटकला तर तीस दिवसांच्या आत हरकत लेखी पाठवा.